धीर धरायचा म्हणजे गप्प बसायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई गोव्यातल्या फोंड्याच्या, वय ३८. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात क्वालिटी अ‍ॅश्युरन्स (क्यूए), म्हणजे दर्जा राखण्याच्या विभागात सेक्शन हेड, हाताखाली १४ माणसं. सलग दोन वर्षं मॅनेजरच्या जागेसाठी त्यांच्या नावाची चर्चा झाली आणि दोन्ही वेळा जागा दुसऱ्याला मिळाली. साहेबांनी दिलेलं कारण एका ओळीचं: "काम उत्तम आहे, पण व्हिजिबिलिटी कमी पडते." घरी सासूबाई म्हणतात, "उलय गो!" (बोल गं!) नवरा म्हणतो, धीर धर, तुझीही वेळ येईल. बाई विचारतात, "मी मुळातच कमी बोलणारी. माणसं सांभाळायला मला आवडतं, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. स्वभाव बदलू की वाट बघू?"

मी याच धंद्यात २७ वर्षं काढली. त्याआधी ९ वर्षं डिचोली तालुक्यात एका खाणीच्या प्रयोगशाळेत होतो. निवृत्त झालो तेव्हा एका प्लँटचा प्रमुख होतो, पण पहिली पंधरा वर्षं मला त्या खुर्चीत कोणी कल्पनेतसुद्धा बसवलं नसतं. मीही बसवलं नसतं. तेव्हा हे उत्तर थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

नवरा आणि सासूबाई यांच्यातच निवड करायची असेल, तर माझं मत सासूबाईंना. फक्त त्या काय बोल ते सांगत नाहीत, कुठे बोल ते सांगत नाहीत आणि कधी तेही नाही. सगळा प्रश्न तिथेच आहे.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. तुम्ही खरोखर अंतर्मुख आहात का? गप्प माणसासाठी आपल्या भाषेत शब्दांची कमी नाही. अबोल, मितभाषी, संकोची, भिडस्त, घुमा, आतल्या गाठीचा. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा. 'अंतर्मुख' हा शब्द या अर्थाने अलीकडचा. कार्ल युंग या स्विस मनोवैद्याने १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी मांडली, तेव्हा त्याचा रोख बडबडीवर नव्हता. माणसाची शक्ती बाहेरच्या जगाकडे वळते की आतल्या, असा तो विचार होता. अंतर्मुख माणूस बोलू शकतो, चांगलंही बोलतो. त्याला बोलायच्या आधी विचार लागतो आणि बोलून झाल्यावर एकांत लागतो, इतकंच. भिडस्त माणसाची गोष्ट निराळी. त्याच्याकडे वाक्य तयार असतं, पण समोरच्याला काय वाटेल या धास्तीने ते घशातच राहतं. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे आणि त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. आपल्यातली कितीतरी माणसं मराठी शाळेतून आली. घरी कोंकणी, वाचायला मराठी पेपर, शॉप फ्लोरवर कोंकणी-हिंदीची मिसळ आणि दुपारी तीनच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये अचानक इंग्रजी. डोक्यातला मुद्दा इंग्रजीत येईपर्यंत चर्चा दोन विषय पुढे गेलेली असते. बाहेरून आलेल्या साहेबाला ती शांतता दिसते आणि तो मनात शिक्का मारतो: सुशेगाद. गोंयकार म्हणजे आरामात असणारा, महत्त्वाकांक्षा नसलेला. हा शिक्का मी स्वतः खाल्लाय, म्हणून सांगतो. तो एकदा बसला की उशिरापर्यंत थांबून काम केल्याने जात नाही.

परीक्षा सोपी आहे. कॅन्टीनमध्ये, स्वतःच्या भाषेत, आपल्याच १४ माणसांसमोर तुम्ही मोकळेपणी बोलता का? बोलत असाल तर अडचण स्वभावाची कमी, भाषेची आणि भिडेची जास्त. मग मीटिंगमधले तुमचे तीन-चार मुद्दे आदल्या रात्री इंग्रजीत लिहून काढा, मोठ्याने दोनदा वाचा, आणि अडलं तर सरळ हिंदीत बोला. मी एकदा चिडून अर्धं कोंकणीत बोललो होतो. समोरच्या तिघांना कळलं, त्यांनी इतरांना सांगितलं, आकाश कोसळलं नाही. आणि कॅन्टीनमध्येही तुम्ही ऐकण्यातच रमत असाल, तर होय, तुम्ही माझ्या जातकुळीच्या. पुढचं खास तुमच्यासाठी.

साहेबांच्या त्या एका ओळीचा राग येऊ देऊ नका, ती खोटी नाही. टिमथी जज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली स्वभाव आणि नेतृत्व यांवरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. बहिर्मुखतेचा नेतृत्वाशी संबंध सगळ्या स्वभावगुणांत ठळक निघाला. पण त्यात एक बारकावा आहे. गटात नेता म्हणून कोण उठून दिसतो, याच्याशी तो संबंध ०.३३ इतका होता (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण), आणि नेमल्यावर तो माणूस किती परिणामकारक ठरतो, याच्याशी ०.२४. म्हणजे बोलक्या माणसाला खरा फायदा दारातून आत शिरताना होतो. आत गेल्यावर तो उतरतो. तुमचं अडलंय ते दारातच.

आत गेल्यावर काय होतं, यावर अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा २०११ चा एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या एका पिझ्झा कंपनीची ५७ दुकानं त्यांनी पाहिली. जिथली पोरं सांगितलं तेवढंच करणारी होती, तिथे बोलका मॅनेजर नफा वाढवायचा. जिथली पोरं स्वतःहून सूचना करणारी, धडपडी होती, तिथे उलटं. तिथे बोलक्या मॅनेजरच्या हाताखाली नफा कमी आणि शांत मॅनेजरकडे जास्त. कारण शांत माणूस ऐकतो आणि दुसऱ्याची सूचना म्हणजे आपल्या खुर्चीवरचा हल्ला असं त्याला वाटत नाही. क्वालिटीच्या कामात तुम्हाला कशी माणसं लागतात? गोळीच्या कडेवरचा बारीक टवका बघून लाइन थांबवणारी, आणि 'मॅडम, हे बरोबर नाही' असं तोंडावर सांगणारी. ती तुमच्याकडे टिकतात, यालाच नेतृत्व म्हणतात. फक्त ते तुमच्या साहेबांना कोणी सांगितलेलं नाही.

आणि हे सांगायचं काम दुसरं कोणी करणार नाही. 'माझं काम बोलेल' हे वाक्य मी पंधरा वर्षं उराशी धरलं होतं. सोबत 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण होतीच, प्रत्येक गप्प माणसाची आवडती. बढती दुसऱ्याला मिळाली की मी मनात ती म्हणायचो आणि झोपायचो. आता वाटतं, तो अहंकारच होता, नम्रतेचा सदरा घातलेला. खोल पाणी सगळंच गोड नसतं. माझ्या ओळखीतले काही घुमे लोक आतून गहन वगैरे काही नाहीत, ते फक्त घुमे आहेत. बोलक्यांतही बरेचजण कसाचे असतात. गप्प बसण्याला गुण समजायची अलीकडे टूम निघालीये, तिच्या नादाला लागू नका.

माझी झोप उडाली ती २००३ च्या पावसाळ्यात. त्या वर्षी आमच्याकडे गोळ्यांच्या पॅकिंगचा नवा हॉल होत होता. उत्पादन ओलावा धरणारं, हॉलमधली आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आत ठेवणं भाग होतं. बाहेरच्या सल्लागाराने हवा कोरडी करणाऱ्या डिह्युमिडिफायरचं गणित करून दिलं होतं. एप्रिलमध्ये मी ते कागद घरी नेऊन पाहिले आणि जाणवलं की हा माणूस गोव्यात जुलै महिन्यात कधी राहिलेला नाही. बाहेर ९० टक्के आर्द्रता असताना सामान आत-बाहेर करायला दार तासाला किती वेळा उघडतं, हे त्यात कुठेच नव्हतं. मीटिंग झाली. अकरा माणसं, सल्लागाराच्या सुंदर स्लाइड्स, शेवटी साहेबांनी विचारलं, "काही शंका?" माझ्या वहीत आकडे होते. मी वही उघडली, पान काढलं, आणि माझ्या शेजारच्याने चहाचं विचारलं. विषय संपला.

मी नेहमीचं केलं. रात्री मेल लिहिला. लांबलचक, व्यवस्थित, तीन जोडपत्रांचा. मुख्य मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात, 'माझ्या अल्पमतीनुसार' या थाटात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलमधला काटा ३५ ओलांडून ४८ वर गेला. लाइन बंद. अकरा दिवस. सहा बॅचेस होल्डवर. साहेबांनी मला बोलावलं, मी जरा ताठ मानेनेच गेलो, तो मेल छापून घेऊन. त्यांनी तो वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं." मी म्हटलं, "सर, मी कळवलं होतं." ते म्हणाले, "तुम्ही फाइलला कळवलं होतं. मला नाही." आणि मग जे म्हणाले ते अजून टोचतं: "त्या हॉलमधल्या चाळीस कंत्राटी बायकांना अकरा दिवस काम नव्हतं. त्यांना हा मेल दाखवू का?"

तोवर मी गप्प राहण्याचा हिशेब माझ्यापुरताच मांडत होतो. माझी बढती गेली, माझा मान गेला, चालायचंच. पण ज्याच्या हातात माहिती आहे त्याच्या मौनाची किंमत दुसरेच भरतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या १४ माणसांनाही ती भरावी लागते, बाई. तुम्ही मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, म्हणून त्यांना जादा माणूस मिळत नाही, त्यांची रात्रपाळी वाढते, त्यांच्या चांगल्या कामाचं नाव प्रॉडक्शनवाले घेतात. स्वतःसाठी मागायला जीभ रेटत नसेल तर त्यांच्यासाठी मागा. बहुतेक अंतर्मुख माणसांना ते सोपं जातं. मला गेलं.

आता कसं बोलायचं ते. मी ते कारखान्यात नाही, जत्रेच्या नाटकात शिकलो, आणि शिकलोय हे कळायला वीस वर्षं गेली. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात देवळासमोर दरवर्षी मराठी नाटक व्हायचं, अजूनही होतं. मी नऊ वर्षं प्रॉम्प्टर, म्हणजे अडलेल्या नटाला शब्द पुरवणारा. विंगेत मांडी घालून, मांडीवर संहिता, हातात टॉर्च. सगळ्यांची वाक्यं माझ्या तोंडात आणि माझा आवाज कोणाच्या कानात नाही. माझ्यासारख्याला याहून चांगली जागा कुठली? पण प्रॉम्प्टिंगमध्ये एक गोम असते. नट अडखळून दोन क्षण झाल्यावर शब्द दिला तर प्रेक्षकांना कळतं, फजिती होते. फार आधी दिला तर तो गोंधळतो. त्याने श्वास घेतला आणि डोळे जरा वर गेले, की त्याच क्षणी पहिले दोनच शब्द द्यायचे. अख्खं वाक्य नाही. पुढचं तो घेतो.

एका वर्षी हवालदाराचं काम करणारा तापाने पडला आणि मला उभं केलं. थरथरत गेलो, पण तोंडातून वाक्यं खणखणीत आली. लोकांना आश्चर्य वाटलं, मला जास्त. कारण उघड होतं, सगळं पाठ होतं. माझ्यात आवाजाची कमतरता नव्हती. आयत्या वेळी वाक्य जुळवायचं कसब नव्हतं आणि आजही नाही.

मीटिंगला हेच लावा. विषयपत्रिका आदल्या दिवशी मागून घ्या. मिळत नसेल तर ती तयार करण्याचं काम स्वतःकडे घ्या, कोणी नाही म्हणणार नाही, सगळ्यांना त्याचा कंटाळा असतो. त्यातला एकच विषय निवडा. सगळ्या विषयांवर बोलायचा नेम केलात तर तिसऱ्या दिवशी मोडेल. त्या एका विषयावरचं पहिलं वाक्य लिहून पाठ करा, फक्त पहिलं. "हा डिह्युमिडिफायर जुलैत कमी पडेल, माझ्याकडे आकडे आहेत." बस. एवढं वाक्य एप्रिलमध्ये माझ्या तोंडून निघालं असतं तर पुढचं साहेबांनीच विचारून काढलं असतं. आणि ते वाक्य पहिल्या दहा मिनिटांत बोला. उशीर केलात की बोलणाऱ्यांची घडी बसते, मग तुमचं बोलणं म्हणजे मध्येच येणं होतं, आणि आपल्यासारख्यांना मध्ये येणं जमत नाही.

खरं सांगायचं तर मोठे निर्णय मीटिंगमध्ये होतच नाहीत. मीटिंगमध्ये ते जाहीर होतात. त्याआधी कोणीतरी साहेबांच्या केबिनमध्ये, गाडीकडे जाताना किंवा चहाच्या टपरीवर बोललेलं असतं. दोन माणसांतलं बोलणं हा आपला प्रांत आहे. महत्त्वाचा विषय असेल तर दोन दिवस आधी पाच मिनिटं मागा. माझी पुढची वीस वर्षं बहुतेक याच पाच-पाच मिनिटांवर चालली. लोकांना वाटायचं मी मीटिंगमध्ये फार कमी शब्दांत पटवतो. पटवणं आदल्या दिवशी झालेलं असायचं.

लिहिणं ही आपली दुसरी ताकद, पण माझ्या त्या मेलसारखं लिहू नका. मुद्दा पहिल्या ओळीत, मागणी दुसऱ्या ओळीत, कारणं खाली, आणि सगळं एका पानात. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोसने २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड्स बंद केल्या. आधी लिहिलेलं टिपण सगळ्यांनी शांतपणे वाचायचं, मग चर्चा, अशी पद्धत आणली. तुमचे साहेब एवढं करणार नाहीत, पण मीटिंगच्या सुरुवातीला एक पान प्रत्येकासमोर ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता तुमच्या सेल्फ अप्रेझलच्या फॉर्मबद्दल. तुम्ही त्यातल्या चार ओळी पाठवल्यात, बरं केलंत, कारण रोग त्यात स्पष्ट दिसतो. फॉर्म इंग्रजीत असला तरी वाक्यं आपण आपल्याच भाषेत बांधतो, आणि आपल्या भाषेत कर्त्याला लपवायची उत्तम सोय आहे. 'तपासणी करण्यात आली.' 'डेव्हिएशन (ठरलेली पद्धत मोडल्याच्या नोंदी) वेळेत बंद झाली.' 'ऑडिटची तयारी पूर्ण झाली.' कोणी केली? देवाने? सगळा फॉर्म असा 'झालं' आणि 'करण्यात आलं' यांत वाहत गेलाय, त्यात तुम्ही कुठेच नाही. मग व्हिजिबिलिटी कमी पडते असं साहेब म्हणाले तर त्यांचं काय चुकलं?

तुमची चौथी ओळ आहे: 'प्रलंबित डेव्हिएशनचं प्रमाण कमी करण्यात आलं.' ती समजा अशी लिहिली (आकडे माझ्या मनचे, तुम्ही तुमचे घाला): 'एप्रिलमध्ये ४१ डेव्हिएशन उघडी होती, त्यातली १७ तीस दिवसांपुढे गेलेली. मी दर मंगळवारी प्रॉडक्शनच्या माणसांबरोबर अर्धा तास बसायला सुरुवात केली आणि प्रत्येक डेव्हिएशनला एक माणूस ठरवून दिला. डिसेंबरअखेर तीस दिवसांपुढची २ उरली.' यात फुशारकीचा एक शब्द तरी आहे का? 'उत्कृष्ट' नाही, 'अथक परिश्रम' नाहीत. फक्त कर्ता आहे, क्रिया आहे आणि आकडा आहे. 'मी' लिहिताना हात अडखळेल. माझा अजून अडखळतो, लहानपणी 'मी मी करू नये' हे फार खोल गेलेलं असतं. पण बॅच रेकॉर्डवर सही करताना 'सही करण्यात आली' असं चालतं का? तिथे नाव लागतं, तारीख लागते. मग इथेच का नको?

हे आकडे मार्चअखेर आठवत नाहीत. म्हणून एक वही ठेवा. दर शुक्रवारी घरी जाताना, कंपनीची बस बोरीच्या पुलावर अडकते ना, तेव्हा तीन ओळी: या आठवड्यात काय अडलं, मी काय केलं, काय बदललं. मी ही वही २००४ पासून ठेवली. त्यातली निम्मी पानं रटाळ आहेत. उरलेल्या निम्म्यांनी मला दोन बढत्या दिल्या. दर तीन महिन्यांनी त्यातलं एक पान साहेबांकडे जाऊ द्या, न मागता. पहिल्या वेळी ते विचित्र वाटेल, त्यांनाही. तिसऱ्या वेळी ते तुमच्या आकड्यांवर त्यांच्या वरिष्ठांकडे बोलू लागतील, आणि त्यांच्या बोलण्यात तुमचं नाव आपोआप येईल.

धीराचं काय? धीर लागतोच. वर सांगितलेल्यातलं काहीही एका तिमाहीत फळत नाही. शिक्का पुसायला साधारण दीड वर्ष लागतं, असा माझा अनुभव. पण नवरोजी म्हणतात तो धीर म्हणजे एसटीची वाट बघणं, तेही वेळापत्रक नसलेल्या थांब्यावर. ही बस ज्या रस्त्याने येतच नाही तिथे उभं राहणारे मी पाहिलेत, चांगली हुशार माणसं, पंचावन्नाव्या वर्षीही सेक्शन हेड. धीराला तारीख घाला. साहेबांकडे वीस मिनिटं मागा आणि विचारा: "मॅनेजरच्या जागेसाठी येत्या सहा महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय दिसायला हवं?" व्हिजिबिलिटी हा शब्द उत्तर म्हणून घेऊ नका. कुठल्या मीटिंगमध्ये, कुठल्या कामात, कोणाला दिसायला हवं, हे वदवून घ्या. त्यांनी सांगितलेलं त्याच संध्याकाळी दोन ओळींत त्यांना लिहून पाठवा. प्रश्न विचारून झाला की गप्प राहा. इथे तुमचा स्वभाव कामाला येतो. ते थोडे चुळबुळतील, तुम्ही शांतता भरून काढू नका.

सहा महिन्यांनी तेच विचारा. दोन्ही वेळा उत्तर धुक्यात राहिलं, तर तो तुमच्यातला दोष नाही, तिथे जागाच नाही. मग बाहेर बघा. गोव्यात आपण नोकरी बदलायला नको तितके कचरतो. घर जवळ, मुलांची शाळा, आईवडील, चवथीला सुट्टी मिळण्याची खात्री. ही कारणं खोटी नाहीत. पण फोंड्याहून कुंडई तर वेर्ण्यापेक्षा जवळ आहे, आणि आपल्या औषध कारखान्यांत अनुभवी क्यूएवाल्या माणसाला कोणी दारातून परत पाठवत नाही. निदान एक मुलाखत देऊन या. स्वतःबद्दल तासभर बोलायची ती सक्तीची तालीम असते.

एक गोष्ट मात्र करू नका: बहिर्मुख असल्याचं सोंग. एका शिबिरातून आल्यावर मी तीन आठवडे ते केलं. सकाळी सगळ्यांच्या पाठीवर थाप, मोठ्याने हसणं, प्रत्येक वाढदिवसाला भाषण. घरी येऊन मी बायकोशी एक शब्द बोलायचो नाही, बॅटरी संपलेली. चौथ्या आठवड्यात माझ्याच एका टेक्निशियनने हळूच विचारलं, "सर, घरी सगळं बरं आहे ना?"

तुमच्या १४ जणांतही तुमच्यासारखे दोन-तीन असणार. त्यांना विचारलं की लगेच पुढच्याकडे वळू नका. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी वर्गातल्या प्रश्नोत्तरांची मोजणी केली होती. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, असं दिसलं. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद मनात मोजून बघा, फार मोठे असतात.

आता शेवटचं, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय की ऑडिटमध्ये तुम्ही दर वेळी बॅक रूम सांभाळता. बाहेरच्यांसाठी सांगतो: तपासनीस बसतात ती फ्रंट रूम, आणि त्यांनी मागितलेला कागद दोन मिनिटांत शोधून, तपासून पुढे पाठवणारी मंडळी बसतात ती बॅक रूम. ऑडिट खरं बॅक रूमवर तरतं. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, तपासणी असेल आणि त्रुटी नोंदवायच्या फॉर्म ४८३ वर निरीक्षणं आली, तर १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते रात्री जागून तुमच्यासारखीच लिहिते आणि सही दुसऱ्याची होते. फ्रंट रूममध्ये नेमतात तो बोलका माणूस. हे अगदी उलटं आहे. आमच्याकडे एकदा एक तपासनीस प्रश्न विचारून, उत्तर मिळाल्यावरही वहीकडे बघत नुसता गप्प बसला. आमच्या बोलक्या सहकाऱ्याला ती शांतता सोसवेना. त्याने "तसं मागच्या वर्षी पण..." अशी सुरुवात केली, आणि कोणी न विचारलेलं एक कपाट उघडलं. पुढचा दीड दिवस त्या कपाटात गेला. विचारलं तेवढंच, खरं तेवढंच आणि मग शांत राहणं हे तिथलं कसब, आणि ते तुम्हाला जन्मतः आहे. तिथे कॉर्पोरेटचे वरिष्ठही बसलेले असतात, म्हणजे साहेबांची ती व्हिजिबिलिटी आयतीच झाली.

पुढचं ऑडिट कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नोव्हेंबरच्या आत असेल तर फ्रंट रूमसाठी तुमचं नाव याच आठवड्यात द्या, कारण खुर्च्या महिना-दीड महिना आधीच वाटल्या जातात. एक विषय मागा, सगळं ऑडिट नको. डेव्हिएशनचाच मागा, ते आकडे तुम्हाला पाठ आहेत.